किती जाते? आधी विचारा, किती खाते!

मराठी घरात नवी गाडी आली, की पेढ्याचा तुकडा तोंडात असतानाच पाहुणा विचारतो, ‘‘ॲव्हरेज किती देते हो?’’ मालक कंपनीचा आकडा सांगतो, पाहुणा मान डोलावतो आणि दोघेही मनातल्या मनात त्यातून चार-पाच वजा करतात. ही वजाबाकी आपल्याकडे स्कूटरच्या काळापासून चालत आली आहे. त्याबद्दल कोणी कंपनीशी भांडत नाही, ग्राहक मंचाकडे जात नाही. लिटरमागे वीस सांगितले, पंधरा मिळाले. महिन्याला पेट्रोलचे हजार-दोन हजार जास्त गेले, एवढाच तो हिशेब.

विजेच्या गाडीने मात्र या जुन्या सवयीची पंचाईत करून ठेवली आहे. पेट्रोलच्या गाडीत सांगितलेला आणि प्रत्यक्षातला आकडा यांतला फरक खिशातून भरता येतो, कारण पंप दर दहा-वीस किलोमीटरवर आहे आणि टाकी पाच मिनिटांत भरते. विजेच्या गाडीत तोच फरक रस्त्यावर भरावा लागतो. मागच्या बाकावर आजी झोपलेली, पोरांना भूक लागलेली, खोपोली मागे पडलेली आणि समोरच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर डोळ्यांदेखत दोन-दोनने घसरताहेत. अशा वेळी ‘कंपनीने तर तीनशे सांगितले होते’ हे वाक्य कोणाच्याही उपयोगाचे नसते. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून किंवा सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन जे कुटुंब अशी गाडी घेते, त्याला विकत घेण्यापूर्वी खरा आकडा कळण्याचा हक्क आहे. तो त्याला आज सहजासहजी कळत नाही, आणि याला ग्राहकाचा भोळेपणा नव्हे, तर आकडा सांगण्याची पद्धत कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. पुणेकरांना वेताळ टेकडीवरची एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ठाऊक आहे. निदान तिच्या नावाने ओळखली जाणारी टेकडी आणि तिथली सकाळची फिरायला येणारी मंडळी तरी नक्कीच. अशा अधिकृत संस्थांत गाडी रस्त्यावर न सोडता मोठ्या रुळांवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाने पळवतात. या ठरावीक पळवण्याला ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. आद्याक्षरे घेतली तर एमआयडीसी होते. औद्योगिक वसाहतींशी तिचा काही संबंध नाही. पूर्ण सायकल साधारण वीस मिनिटांची आणि साडेदहा किलोमीटरची. सरासरी वेग ताशी ३२-३३ किलोमीटर. पहिल्या भागात शहरातले चालणे-थांबणे, त्यात वेग ५० च्या वर जात नाही. दुसऱ्या भागात मोकळा रस्ता, पण तिथेही कमाल वेग ९०. वातानुकूलन बंद. घाट नाही, पाऊस नाही, वारा नाही, सामान नाही आणि मागच्या बाकावर आजीही नाही.

यात लबाडी आहे, असे मी म्हणत नाही. सगळ्या गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली, तर त्यांची आपसांत तुलना करता येते. त्यासाठीच ही परीक्षा असते. तक्रार वेगळीच आहे. परीक्षेत मिळालेले गुण म्हणजेच नोकरीतले काम, असे समजून ते मोठ्या टायपात छापले जातात.

प्रश्नपत्रिका बदलली की काय होते, याचे मासलेवाईक उदाहरण आपल्याकडेच २०२४ साली घडले. तोपर्यंत विजेच्या मोटारींचा पल्ला सायकलच्या पहिल्या, म्हणजे शहरी भागावरून सांगितला जात असे. त्या वर्षी दुसरा भागही धरावा लागला. लगेच टाटांच्या ३० युनिटांच्या नेक्सॉनचा ३२५ किलोमीटरचा पल्ला २७५ झाला. गाडी तीच, बॅटरी तीच. कमाल ९० चा वेग थोडा वेळ परीक्षेत आला, एवढ्यानेच ५० किलोमीटर गळाले. मग ताशी १०० च्या वेगाने, वातानुकूलन लावून आणि सहकुटुंब गेल्यावर आणखी किती गळतील?

हे गणित घरच्या घरी करण्यासारखे आहे आणि त्यासाठी वीजबिल वाचता येणे पुरेसे आहे. बिलावरचे युनिट आणि बॅटरीवर लिहिलेले किलोवॅट-तास एकच. मध्यम आकाराची, थोडी उंच बांध्याची गाडी घेऊ. चार माणसे आणि सामान धरून वजन १७०० किलो. बॅटरीत वापरता येणारी ३० युनिटे. टायरचे घर्षण, वाऱ्याचा विरोध, मोटारीतली घट आणि वातानुकूलनाला तासाला सव्वा युनिट, एवढे धरून हिशेब मांडला, तर ताशी ६० च्या स्थिर वेगाने शंभर किलोमीटरला सुमारे ११ युनिटे लागतात, ८० ने १४, १०० ने साडेसतरा आणि १२० ने २२. म्हणजे तीच ३० युनिटे ६० च्या वेगाने २७० किलोमीटर नेतात, ८० ने २१५, १०० ने १७० आणि १२० ने जेमतेम १३५. गाडी बदलली की हे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण त्यांची उतरण्याची तऱ्हा हीच राहील. परीक्षेतले २७५ कोणत्या वेगाच्या पंक्तीला बसतात, ते आता वाचकांच्या लक्षात आले असेलच.

या उतरणीचे कारण वारा. टायरचे घर्षण वेगाने फारसे वाढत नाही. वाऱ्याचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० चे १२० केले की तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. ८० वरून १०० वर जाताना वेग पंचवीस टक्क्यांनी वाढतो आणि वाऱ्याचा विरोध छप्पन्न टक्क्यांनी. टपावर कॅरियर लावून गणपतीचे सामान बांधले तर त्यात आणखी भर. उलट, ज्याची आपल्याला उगाच धास्ती असते ते माणसांचे वजन सपाट रस्त्यावर फारसे नडत नाही. तीन माणसे जास्त बसली तर शंभर किलोमीटरला युनिटभरसुद्धा फरक पडत नाही. तेव्हा मामांना घरी ठेवून जाण्यासाठी हे कारण पुढे करू नये.

इथे पिढ्यान्‌पिढ्यांचा एक समज उलटा होतो आणि तो समजून घेतल्याशिवाय विजेची गाडी कळायची नाही. पेट्रोलची गाडी गावात जास्त पिते आणि हायवेला कमी, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. याला कारण इंजिनाची उधळपट्टी. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटे ऊर्जा असते. तिच्यापैकी दोनतृतीयांशाहून अधिक उष्णतेत जाते. सिग्नलला उभे असतानाही इंजिन पीतच असते आणि ब्रेक मारला की उरलीसुरली ऊर्जाही चाकांजवळ तापून नाहीशी होते. मोकळ्या रस्त्यावर ही उधळपट्टी थोडी आटोक्यात येते, म्हणून ॲव्हरेज सुधारते. विजेची मोटार सिग्नलला काही खात नाही आणि ब्रेक मारताना मोटारीचेच जनित्र होऊन बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत येते. त्यामुळे गाव तिला मानवते, हायवे मानवत नाही.

लिटरला पंधरा देणारी पेट्रोल गाडी शंभर किलोमीटरला साठ युनिटांइतकी ऊर्जा जाळते. तिथे विजेची गाडी पंधरा-सतरा युनिटांत भागवते. म्हणजे चौपट काटकसर. पण काटकसरीने चालणाऱ्या घरात चार रुपये इकडेतिकडे झाले तरी लगेच कळते, तसे या गाडीचे आहे. ३० युनिटांची बॅटरी म्हणजे अवघे साडेतीन लिटर पेट्रोल! एवढ्याशा शिदोरीवर ती दोनशे किलोमीटर जाते याचे खरे तर कौतुक व्हायला हवे. कौतुक राहते बाजूला, आणि जाहिरातीतल्या आकड्यामुळे तिच्याच कपाळी फसवणुकीचा शिक्का बसतो.

गावातही एक मेख आहे. मोटार किलोमीटर मोजते, वातानुकूलन यंत्र तास मोजते. मे महिन्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या चौकात ताशी १५ च्या वेगाने रखडत निघालात आणि थंडाव्याला तासाला दीड युनिट लागले, तर शंभर किलोमीटरला त्याचीच दहा युनिटे होतात. चालण्याइतकाच खर्च बसून राहण्यावर. म्हणून शहरात चांगला पल्ला मिळतो हे खरे, पण रस्ता हलता असेल तर.

आता घाट. मुंबई समुद्रकाठी, पुणे साडेपाचशे मीटरवर. १७०० किलोची गाडी तेवढी वर उचलायला अडीच युनिटे लागतात, घट धरून तीन. पेट्रोलवाल्याला बोरघाटात एवढेच कळते की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जरा ओरडली. विजेच्या गाडीत मात्र दहा-पंधरा किलोमीटरच्या चढात बॅटरीचा दहावा हिस्सा गेलेला स्पष्ट दिसतो आणि घाबरगुंडी उडते. परतीच्या वाटेवर उतरताना तीनपैकी दीड-पावणेदोन युनिटे परत मिळतात. त्यामुळे एकाच गाडीचा पल्ला मुंबईहून पुण्याला जाताना एक आणि पुण्याहून मुंबईला येताना दुसरा, असा चमत्कार घडतो.

दीडशे किलोमीटरच्या या प्रवासाचा हिशेब पूर्णच करू. सबंध रस्ता ताशी १०० ने गेलो असे समजा. रस्त्याची २६ युनिटे, चढाची ३, झाली २९. बॅटरीत होती ३०. म्हणजे प्राण कंठाशी आणून वाकड गाठायचे, नाहीतर वाटेत कुठेतरी चार्जिंगसाठी रांगेत उभे राहायचे. आता वेग ८० ठेवा. रस्त्याची २१, चढाची ३, एकूण २४. सहा युनिटे शिल्लक ठेवून माणूस घरी पोहोचतो. वेळ किती जास्त लागला? बावीस मिनिटे. चार्जिंगला थांबला असता तर याहून जास्त गेली असती, आणि पुढे तीन गाड्यांची रांग असती तर विचारायलाच नको. ससा-कासवाची गोष्ट द्रुतगती मार्गावर अशी युनिटांत सिद्ध होईल, असे कोणाला वाटले होते!

लांबच्या प्रवासात आणखी एक आकडा लागतो आणि तो कोणत्याच जाहिरातीत नसतो. घरून निघताना बॅटरी शंभर टक्के भरलेली असते. वाटेतल्या जलद चार्जरवर मात्र ऐंशी टक्क्यांनंतर वेग इतका मंदावतो की शहाणा माणूस तिथेच वायर काढतो. खाली दहा टक्के तरी हाताशी ठेवावे लागतात. म्हणजे दुसऱ्या टप्प्यापासून बॅटरीचा सत्तर टक्केच भाग कामाचा. ३० युनिटांतली २१. ताशी १०० ने त्यात १२० किलोमीटर. मुंबईहून रत्नागिरी सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. गणपतीच्या आदल्या दिवशी, पावसात, ओल्या रस्त्याने (साचलेले पाणी कापत जाणाऱ्या टायरलाही जास्त ऊर्जा लागते) आणि अर्धी मुंबई त्याच वाटेने निघालेली असताना या कुटुंबाला दर १२० किलोमीटरवर चालू, मोकळा चार्जर हवा. ‘पल्ला २७५’ या आकड्यातून यातले काही म्हणता काही कळत नाही.

पडद्यावर दिसणाऱ्या उरलेल्या किलोमीटरांवरही फार विसंबू नये. मागच्या काही दिवसांत गाडी कशी चालली यावरून तो पुढचा अंदाज बांधत असतो. आठवडाभर गावात फिरलेली गाडी रविवारी हायवेला लागली, की हा अंदाज कोसळतो. त्यात गाडीचा दोष नाही; तिला बिचारीला तुम्ही माहेरी निघालात की मंडईत, हे कसे कळावे? टक्के किती उरले आणि शंभर किलोमीटरला किती युनिटे जाताहेत, हे दोन आकडे पाहावेत. तिसरा भाग वजाबाकीचा.

परदेशांत हा गुंता कसा सोडवला जातो? अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था प्रयोगशाळेत मिळालेल्या पल्ल्याला साधारणपणे ०.७ ने गुणून मगच तो गाडीच्या काचेवरील पत्रकात लिहू देते, आणि शेजारीच शंभर मैलांना किती युनिटे लागतात तेही छापावे लागते. ती युनिटे भिंतीच्या प्लगपासून मोजलेली असतात, म्हणजे चार्जिंगमधली घटही त्यात आली. २०२० साली आपल्याकडे आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या ३१२ किलोमीटरना हाच ०.७ लावला तर २१८ येतात. दोन्ही देशांच्या परीक्षा वेगळ्या असल्याने ही तुलना काटेकोर नाही, पण ती गाडी चालवणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. नॉर्वेत तर २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या. तिथली एनएएफ ही मोटारचालकांची संघटना थंडीत खऱ्या रस्त्यावर गाड्या बंद पडेपर्यंत चालवते आणि निकाल जाहीर करते. २०२० च्या पहिल्या हिवाळी चाचणीत वीस गाड्यांचा पल्ला अधिकृत आकड्यापेक्षा सरासरी साडेअठरा टक्के कमी भरला. म्हणून नॉर्वेकरांनी विजेच्या गाड्या सोडल्या नाहीत. किती कमी पडणार हे आधी ठाऊक असले, की माणूस त्याप्रमाणे बेत आखतो.

कंपन्यांना खरे सांगणे परवडत नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. इतिहास उलटे सांगतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची मोटार चालत असे. पेट्रोलच्या मोटारी घरोघरी नेणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हिच्याकडेही हीच विजेची गाडी होती. एका चाचणीत ती एका चार्जमध्ये २११ मैल, म्हणजे ३४० किलोमीटर धावली होती. तरी कंपनी जाहिरातीत सांगे ते ८० मैल! (ताशी तीसेक किलोमीटरच तिची धाव, हेही त्या ३४० चे रहस्य असणार.) आणि लांब कशाला जा, २०२४ साली टाटांनी कर्व्ह ईव्ही आणली तेव्हा ५५ युनिटांच्या गाडीचा परीक्षेतला ५८५ किलोमीटरचा आकडा सांगतानाच, बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात ४०० ते ४२५ मिळतील, असेही स्वतःहून सांगितले. ही चांगली सुरुवात झाली. पण ती कंपनीच्या मर्जीवर का असावी? आणि तो आकडाही गाव-हायवे मिळून. नुसत्या हायवेचा नव्हेच.

घरातला फ्रिज घ्या. त्याच्यावर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे असतात आणि खाली वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडा असतो. पंचवीस-तीस हजारांच्या वस्तूला जो नियम, तो पंधरा लाखांच्या वस्तूला नको? केंद्र सरकारने प्रत्येक विजेच्या मोटारीच्या काचेवर तीन आकडे सक्तीचे करावेत. प्लगपासून मोजलेली शंभर किलोमीटरची युनिटे, एक. ताशी १०० च्या वेगाने, वातानुकूलन लावून मिळणारा पल्ला, दोन. आणि दहा ते ऐंशी टक्क्यांमधला त्याच वेगाचा पल्ला, तीन. यासाठी नवी प्रयोगशाळा उभारायला नको. रूळ आहेत, यंत्रे आहेत, माणसे आहेत. कंपन्यांनी गाडी बनवताना हे सारे कधीच मोजलेले असते.

याचा संबंध नुसत्या प्रवासाशी नाही. खरा आकडा माहीत नसला की माणूस भीतीपोटी मोठी बॅटरी घेतो. रोजचे ये-जा तीस किलोमीटर आणि बॅटरी पाचशेची! त्या जादा बॅटरीसाठी तो काही लाख जास्त मोजतो, तिचे ओझे रोज ऑफिसला आणि परत वाहून नेतो आणि ज्या विजेवर ते वाहतो तिच्यातली सुमारे सत्तर टक्के आपल्या देशात अजून कोळशापासूनच होते. युनिटे किती खाते हा आकडा समोर असता, तर हलकी, निमुळत्या बांध्याची, कमी खाणारी गाडी बनवण्याची चढाओढ लागली असती. आज चढाओढ आहे ती बॅटरी मोठी करण्याची, कारण जाहिरातीत तेवढेच दिसते.

तोवर खरेदीला निघालेल्यांनी एक करावे. चाचणीसाठी गाडी मिळते तेव्हा विक्रेता ती शोरूमच्या मागच्या गल्लीतून फिरवून आणतो. तसे करू देऊ नये. सगळ्या कुटुंबाला बसवावे, वातानुकूलन लावावे आणि हायवेवर जिथे परवानगी आहे तिथे ताशी १०० ने वीस किलोमीटर जाऊन त्याच रस्त्याने परत यावे, म्हणजे चढ-उतार आणि वारा दोन्ही फिटतील. निघताना पडद्यावरचा जुना हिशेब शून्य करायला सांगावा. परत आल्यावर तिथे किलोमीटरला किती वॅट-तास लागले ते दिसते. बॅटरीच्या युनिटांना हजाराने गुणून त्या आकड्याने भागावे. आणि डोंगरात घर किंवा सासर असलेल्यांसाठी एवढेच जास्तीचे, की महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के भरू नये. काठोकाठ भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज मावत नाही. पसरणी घाट मग नुसत्या ब्रेकवर उतरावा लागतो आणि वाईला पोहोचेपर्यंत फुकट मिळणारी युनिटे हवेत गेलेली असतात.